डिस्क भरली, प्रकरण उरलं

मामा काचेपलीकडे माईकसमोर बसले होते. चष्मा पुसून झाला होता, पाणी पिऊन झालं होतं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या पडद्यावर आलं: डिस्क भरली आहे.

दृष्टिहीनांसाठी आम्ही पुस्तकं रेकॉर्ड करतो. मामा वाचतात, मी यंत्रं सांभाळते. उद्या सकाळी मामांच्या घशाची शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, नंतर आवाज राहील, पण हाच राहील असं नाही. जाडजूड कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. ते दुसऱ्याच आवाजात ऐकावं लागलं तर? शेजारी मामी इस्पितळाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"काय गं, झालं का?" मामांनी विचारलं.

"दोनच मिनिटं!"

माझी दोन मिनिटं किती लांबतात ते ठाऊक असल्यामुळे मामांनी वर्तमानपत्र उघडलं.

मी संगणकाला आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत 'डीएफ' टाईप केलं. डिस्क किती भरली ते ही आज्ञा सांगते. शंभर टक्के, शिल्लक शून्य. माझा संशय थेट 'नको' नावाच्या फोल्डरवर गेला. चुकलेली वाक्यं, खोकला, खाकरणं मी त्यात टाकते.

"मामा, तुमच्या खाकरण्यानेच डिस्क भरली!" मी ठणकावलं.

"एवढं वजन असतं होय त्याला? डॉक्टरांना सांगायला हवं."

मग 'डीयू' चालवलं. कोणता फोल्डर किती जागा खातो ते ही बया ओळीने मांडते, कुणाची भीडभाड ठेवत नाही. 'नको': जेमतेम एक जीबी. 'सुरक्षित': नऊशे जीबी. हा फोल्डर माझा. रोज संध्याकाळी सगळ्या कामाची प्रत आपोआप निघावी, अशी सोय मी गेल्या आठवड्यात मोठ्या तोऱ्यात केली होती. पण प्रत त्याच डिस्कवर पडत होती, आणि सगळ्या कामात आदल्या दिवसाच्या प्रतीही आल्या. प्रतींच्या प्रती, त्यांच्याही प्रती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"मामा, खाकरणं निर्दोष आहे. चूक माझी."

"ते तू ठणकावलंस तेव्हाच कळलं."

एक ताजी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, उघडून तपासली, मग 'सुरक्षित' फोल्डर पुसून टाकला. पुन्हा डीएफ. आता डिस्क जेमतेम दोन टक्के भरलेली. जीव भांड्यात पडला.

मामांनी चाळीस मिनिटांत प्रकरण वाचून संपवलं, एकदाही न अडखळता. मी रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढे केला, तर त्यांनी बोट वर केलं.

"जागा आहे ना अजून?"

"चिक्कार आहे."

मामांनी पुस्तक मिटलं आणि रोज संध्याकाळी दारातून मारतात तशी हाक मारली, "अगं, आलो गं मी! चहा टाक."

मामीने पिशवी घट्ट धरली. मग मामांशी बोलायचा माझ्यासमोरचा माईक स्वतःकडे ओढून म्हणाली, "घाईत मारलीत. पुन्हा मारा."

मामांनी पाच वेळा हाक मारली. पाचवी सगळ्यांत चांगली झाली.

"बाकीच्या पुसू का?" मी विचारलं.

"हात तर लावून बघ," मामी म्हणाली.