आडवे काढलेले तुकडे

प्रयोगशाळेत तिला मागून सगळे चिवटबाई म्हणायचे. मांस किती चिवट आणि किती मऊ हे मोजण्यात एकतीस वर्षं घातली म्हणून म्हणायचे, की स्वभावावरून, हे तिने कधी विचारलं नाही. दोन्ही खरंच होतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ती पंधरा दिवसांनी कामावर आली, तर टेबलावर अहवाल तयार. मांस झटपट गारठवणारं नवं यंत्र. जनावर कापल्यावर दोन तासांत मांस थंडगार, दुसऱ्या दिवशी माल बाहेर. चाचणीचा आकडा तीन किलो, म्हणजे पात्याला मांस कापायला तीनच किलोचा जोर लागला. लोण्यासारखं मऊ. खाली तिच्या सहीची जागा मोकळी.

"तीन? हात्तिच्या!" ती एकटीच बोलली.

जीव गेला तरी स्नायू काही तास जागाच असतो. तेवढ्यात त्याच्यावर थंडी ओतली, की तो असा आखडून बसतो की पुन्हा सुटत नाही. आकडा आठ असता तर तिने मुकाट्याने मान डोलावली असती.

तिने फ्रीज उघडला. चाचणीतून उरलेलं शिजवलेलं मांस डब्यात होतं. त्यातून पोकळ नळीने बोटाएवढे तुकडे काढतात आणि पात्याखाली ठेवतात. तुकडा काढायचा तो मांसाच्या धाग्याला धरून, म्हणजे पातं धाग्यावर आडवं पडतं आणि खरा जोर कळतो. आडवा काढला तर पातं धाग्यांच्या मधून सुटतं, लाकूड उभं फुटतं तसं. मग चामडंसुद्धा लोणी ठरेल. या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात ते हेच.

तिने तुकडा उजेडात धरला. डॉक्टरने नवा डोळा करून दिला आणि त्या डोळ्याने पाहायला मिळालं ते हे. धागे आडवे. दुसरा तुकडा आडवा. सगळे आडवे. आणि प्रत्येकाच्या टोकाला बारीकशी शेपटी.

ती शेपटी पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळी बाहेर काढताना मनगटाला उगाच हिसका देण्याची सवय एकाच माणसाची होती. तिच्या पहिल्या विद्यार्थ्याची. "अरे, शेपटी नको, शेपटी नको," म्हणून तिने त्याचा हात धरून शिकवलं होतं. आता तो संचालक होता. खुर्चीवर बसला त्या दिवसापासून 'बाई'ची 'मॅडम' झाली होती.

उरलेल्या मांसातून तिने स्वतः सरळ तुकडे काढले, यंत्रात घातले. सात पूर्णांक आठ.

एक फोड बशीत घेऊन ती त्याच्या खोलीत गेली.

"या मॅडम, या! डोळा काय म्हणतो?"

"चांगलं दिसतंय. नको ते जास्तच दिसतंय. तुकडे कोणी काढले?"

"काढले असतील कोणीतरी. गडबडीत चूक होते माणसाकडून."

"सगळे एकाच बाजूने चुकले? आणि सगळ्यांना शेपटी?"

त्याने खुर्ची मागे सरकवली, दार लोटून आला.

"बाई, ऐका माझं. पंचवीस कारखाने या यंत्राची वाट बघताहेत. तुमची सही असली की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. सात महिने राहिलेत तुमचे, कशाला डोक्याला ताप? आणि खाणाऱ्याला काय कळतंय? चिवट लागलं तर तो कारखान्याला बोलत नाही. रांधणारीला बोलतो."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

तिचा बाप ताट भिरकावायचा. "जोडा शिजवलास का?" म्हणत आईवर हात उचलायचा. शीतगृहातच आखडलेलं ते मांस. आई तासन्‌तास ढवळत बसायची, ते ढिम्म. दोष आईचा नव्हता हे आकड्यात मांडायला तिला दहा वर्षं लागली, आणि तोवर आई गेली होती. ऐकायला राहिला होता बाप. तो म्हणाला, "असेल."

तिने बशी त्याच्यापुढे सरकवली. "चाव."

"बाई, हे काय पोरखेळ…"

"तुझंच यंत्र, तुझंच मांस. लोण्यासारखं आहे म्हणतोस ना? चाव म्हणते ना!"

तिचा आवाज चढला तसं बाहेरचं टायपिंग थांबलं. त्याने घाईघाईने फोड तोंडात टाकली.

तो चावत होता तोवर तिने त्याचंच पेन उचललं आणि सहीच्या जागेवर लिहिलं: 'तुकडे धाग्याला आडवे काढले आहेत. काढणारा, संचालक. सरळ काढल्यावर आकडा सात पूर्णांक आठ.' खाली ठसठशीत सही केली. सही हवी होती ना त्याला.

त्याने वाचलं. डोळे मोठे झाले, हात वर झाला, पण तोंडातली फोड काही तुटेना. जबडा नुसता हलत होता. शेवटी तो कचऱ्याच्या टोपलीकडे वाकला.

"थुंकू नकोस," ती अहवाल काखेत मारत म्हणाली. "यंत्राला मंजुरी देणाऱ्या समितीत सात जण आहेत, सातही जणांच्या हातात हा कागद देऊन येते. तोवर गीळ. माझी आई गिळायची."