पहिल्या शिखराचा संशय

मित्रांनो, मी एक जुनी, वीतभर लांबीची पोलादी नळी आहे. माझ्या पोटात रेझिनचे बारीक मणी ठासून भरलेत. प्रयोगशाळेत मला ‘कॉलम’ म्हणतात.

माझ्या शेजारचं थोरलं यंत्र आलेलं सगळं जाळून अणू मोजतं. आर्सेनिक किती ते त्याला कळतं, कुठल्या रूपातलं ते कळत नाही. जळल्यावर विष काय नि निरुपद्रवी काय, सगळं सारखंच! म्हणून नमुना आधी माझ्यातून जातो. एक रूप झटकन सटकतं, दुसरं मण्यांना धरून रेंगाळतं. जे बाहेर येईल त्याचं पडद्यावर शिखर उठतं. नवी होते तेव्हा माझी शिखरं सुईसारखी टोकदार असत. “लेक गुणाची आहे,” तपासनीस ताई म्हणायच्या. पुढे मला धुवायची आठवण कुणाला राहिली नाही.

एकदा एका आजारी सासूबाईंच्या लघवीत भरमसाट आर्सेनिक सापडलं. सून आणि नणंद दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या, दोन टोकांना.

“वहिनीच्या हातचं पाणीसुद्धा नको बाई आता,” नणंद भिंतीला सांगत होती.

“वन्सं, परवा मासे तुम्हीच आणलेत. मी नुसते शिजवले.”

“म्हणजे आता माझ्यावर ढकलतेस?”

आत नमुना माझ्यातून गेला. पहिलंच शिखर उंच उठलं.

“विषारी रूप इथेच येतं. द्या लिहून,” प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

“सर, मासळीतलं निरुपद्रवी रूपही इथेच येतं. कॉलम थकलाय. मला याचा भरवसा नाही,” ताई म्हणाल्या.

मला लागलं ते. पण खरं सांगू? माझाही माझ्यावर भरवसा नव्हता. झिजलेल्या मण्यांतून दोन्ही रूपं हातात हात घालून निसटत होती.

ताईंनी उरलेल्या नमुन्यात पेरॉक्साइडचे थेंब टाकले. “विष असेल तर याने रूप बदलेल, थकलेल्या मण्यांनाही घट्ट धरून बसेल आणि उशिरा बाहेर येईल. मासळीतलं असेल तर ढिम्म हलणार नाही.”

पुन्हा नमुना सोडला. शिखर तिथेच, तेवढंच उंच. मागून काही आलं नाही.

“मासळीतलंच आहे,” ताईंनी बाहेर जाऊन सांगितलं. “आजाराचं कारण डॉक्टर दुसरीकडे शोधतील.”

सून रडली नाही. पिशवीतली बाटली काढून तिने नणंदेपुढे धरली. “घ्या वन्सं, घसा कोरडा पडला असेल.”

नणंद मान खाली घालून पाणी प्यायली.

मित्रांनो, काम झालं की मला धुऊन ठेवत जा, कोरडी पडू देऊ नका. आणि कुणावर बोट ठेवण्याआधी माझ्यावरही एकदा संशय घ्या.