थापाडीची धाप

“आई, कोर्टात तू खोटारड्यांवर विश्वास ठेवतेस का गं?”

मैत्रिणींनी पैजच लावली होती, हिंमत असेल तर विचार! कोर्टासाठी माणसं तपासणाऱ्या मानसतज्ज्ञ आईला असं तोंडावर विचारायचं म्हणजे वाघाच्या गुहेत शिरून त्याचे दात मोजायचे. पण शाळेच्या नाटकाची कप्तान झाल्यापासून आपल्या बाईसाहेबांचे पाय कुठे जमिनीवर होते!

“झाली उलटतपासणी सुरू,” कांदा चिरता चिरता बाबा म्हणाला. “साक्षीदाराला पाणी तरी द्या.”

आईने फाइल मिटली. “खोटारडं कोण? माझ्याकडचं, की तुझ्या वर्गातलं?”

झालं! कप्तानने भडाभडा सगळं ओकलं. नाटकाची नायिका थापाडी. जिच्या मामाकडे म्हणे लिफ्टमध्ये झोपाळा आहे, तीच. आज सगळ्या शाळेसमोर तालीम होती आणि ही स्टेजवरून धूम पळाली. वर सांगते काय, तर चक्कर आली, श्वास थांबला, डॉक्टर धावत आले! कसले डॉक्टर न् कसलं काय. आता उद्या नाटकाच्या बाई कप्तानला विचारणार होत्या. सोंग ठरलं, की थापाडी नाटकातून बाहेर.

“माझ्याकडे भरपाईच्या दाव्यातला एक ड्रायव्हर येतो,” आई म्हणाली. “म्हणतो, अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. लोकांनी मात्र त्याला दोनदा गाडी चालवताना पाहिलंय.”

“मग? खोटारडाच!”

“त्या वाक्यापुरता. पण रस्त्यावर ब्रेक करकचला, तेव्हा हा गडी थेट माझ्या टेबलाखाली.”

“तेही सोंग असेल तर?”

“असेलही. म्हणून त्याच्या बायकोला विचारते, डॉक्टरांना विचारते. अगं, खरं दुखत असलं तरी माणसं फुगवून सांगतात. साधं सांगितलं तर कोण ऐकतंय? मी त्याचं एकेक वाक्य सुटं करते आणि दुसरा आधार शोधते. नसला, तर नाही म्हणते. मग त्याचा वकील माझ्यावर डोळे का वटारेना.”

“घरातही तेच,” बाबा पुटपुटला. “मी म्हणतो भाजी करपली नाही, ही जाऊन कढई बघते.”

कप्तान खुदकन हसली आणि मग तिला तालमीतलं आठवलं. थापाडीला शोधायला पडद्यामागे ती स्वतःच गेली होती. तिथे बघायला कुणी नव्हतं. थापाडी भिंतीला टेकून, तोंडावर हात दाबून धापा टाकत होती. पाठीवरचा ड्रेस घामाने चिंब. कप्तान आल्याचा तिला पत्ताही नव्हता.

“आणि ती गेली, तर नायिका कोण?” आईने सहज विचारलं.

“…मी.”

बाबाची सुरी थांबली. आईने फाइल पुन्हा उघडली. हीच तर तिची वाईट खोड!

कप्तानने एक येरझार घातली, दुसरी घातली आणि कमरेवर हात ठेवून दोघांसमोर उभी राहिली.

“ऐका! उद्या बाईंना पहिलं हेच सांगणार, की ती गेली तर रोल मला मिळतो. मग सांगणार, डॉक्टर आले नव्हते, ती थाप आहे. पण धाप खरी होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. आणि एवढं सांगूनही तिला काढलंच, तर तो रोल मी करणार नाही. शोधा म्हणावं दुसरी कुणीतरी!”