गेटवरचा हिरवा पडदा

गोदूला नोकरी लागली ती बनूबाईच्या शब्दावर. बनूबाई म्हणजे अंबरनाथच्या आमच्या बिस्किट फॅक्टरीत पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून केस पांढरे केलेली बाई. ती चहा कुणालाही पाजायची, पण शब्द कुणासाठी टाकायची नाही. गुप्तेसाहेबांपुढे एकदाच उभी राहिली आणि म्हणाली, "बहिणीची पोर आहे, साहेब. आठवी पास. हात साफ आहेत."

गुप्ते सिक्युरिटीचे साहेब. म्हणाले, "आठवडाभर बघतो. जमलं तर शनिवारी कायमचा कागद."

काम काय, तर सुट्टीच्या वेळी गेटवर बायकांची झडती. कुणी कमरेला पुडा खोचून नेऊ नये म्हणून. गेटला लागून एक आडोसा होता, त्याला हिरवा पडदा. एकेकीने आत जायचं, डबा उघडून दाखवायचा, हात वर करायचे, सुटायचं. पलीकडे पुरुषांची लाइन आणि सायकलस्टँड.

उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात घरी बसून सिंधी शेठच्या पॅन्टींचे धागे कापणारी ही गोदू. तिला एकदम खाकी साडी, गळ्यात शिट्टी आणि बसायला खुर्ची. पहिल्या दिवशी तर बिचारीचे हात पुढेच होईनात. पडद्याआडून जनाबाई ओरडली, "अगं, झडती घेतेस का गुदगुल्या करतेस? इतक्या मायेनं तर आमच्या घरच्यानं कधी हात लावला नाही!"

सगळी लाइन हसली. गोदूही हसली. बनूबाई मागून म्हणाली, "हसा, हसा. शिकंल माझी पोरगी."

शिकली. जरा जास्तच पटकन.

बुधवारी मीनलच्या डब्यात, भाताच्या खाली, क्रीम बिस्किटांचा पुडा सापडला. मीनल रडली, पाया पडली. गोदूने शिट्टी मारली. गुप्तेसाहेब आले, मीनलला घरी बसवलं आणि सगळ्यांदेखत गोदूला म्हणाले, "शाब्बास! अशी नजर पाहिजे."

शाब्बासकी काही लोकांना पचते, काहींना चढते. गोदूचा आवाज दुसऱ्या दिवशीच बदलला. "चलो, चलो, जल्दी" असं हिंदीत बोलायला लागली. आमच्या लाइनीत हिंदी बोलणारी एकही बाई नव्हती. तरी हुकूम मराठीत सोडला तर त्याचं वजन कमी होतं, असं तिला वाटलं असावं.

साहेब जाता जाता म्हणाले, "प्रत्येकीला पडदा ओढत बसतेस, लाइन खोळंबते." झालं. गोदूने पडदा वर गुंडाळून सुतळीने बांधून टाकला. आता झडती उघड्यावर. जनाबाई कुरकुरली, तर म्हणाली, "ज्याच्या मनात चोर, त्याला पडदा लागतो." जनाबाईसारख्या तोंडाळ बाईनेही उघड्यावर हात वर केले. आम्हीही केले. मीनलची जागा रिकामी दिसत होती ना समोर.

बनूबाई त्या दिवसापासून लाइनीत सगळ्यांच्या शेवटी उभी राहायला लागली. तोवर गेट रिकामं झालेलं असे, आणि गोदू मावशीचा नुसता डबा बघून सोडून देई. आम्हा जुन्या बायकांना त्याचं कारण ठाऊक होतं. ते गोदूला सांगायचं मात्र एकीलाही सुचलं नाही.

शनिवारी गुप्तेसाहेब स्वतः गेटवर हजर, हातात पाकीट. पाकिटात काय आहे ते सगळ्यांना माहीत. गोदू अशी काही झडती घेत होती की फॅक्टरी हिच्याच बापाची. पुरुषांची लाइन पगार झाला म्हणून रेंगाळलेली. शेवटी बनूबाई आली. गोदूचा हात तिच्या कमरेशी थांबला.

"मावशी, हे काय?"

"काही नाही. उद्या घरी ये, सांगते."

"जाड लागतंय."

"गोदू, पडदा सोड खाली." बनूबाईचा आवाज अगदी हळू.

"काय झालं?" गुप्तेसाहेबांनी मान वळवली.

गोदूने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पाकिटाकडे. मग मोठ्याने म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा, मावशी." आणि कमरेची गाठ ओढली.

जुन्या लुगड्याची जाड घडी खाली पडली. ओली होती.

बनूबाईचं अंग बाहेर येत असे. एवढी वर्षं टेबलाशी उभं राहून बऱ्याच जणींना होतं ते. लघवी राहत नसे. आधाराला आणि टिपायला ती घडी लंगोटासारखी नाडीने बांधायची.

पुरुषांच्या लाइनीतून कुणीतरी खाकरलं. गुप्तेसाहेब एकदम सायकली बघायला लागले. बनूबाई वाकली, घडी उचलली, पिशवीत घातली आणि पदर सावरत चालू लागली.

साहेबांनी तिकडे न बघताच पाकीट पुढे केलं. "घे. कायम झालीस." ज्या हाताने गाठ ओढली त्याच हाताने गोदूला ते घ्यावं लागलं.

मी बदलापूरला राहते, बनूबाईच्या शेजारी, सोनिवलीकडे. रविवारी दुपारी गोदू मला वळणावर दिसली. हातात मोसंब्यांची पिशवी. मी म्हटलं, "अगं, चल की. घरीच आहे ती."

"नको, मावशी काय म्हणेल?"

"काही नाही म्हणणार."

"म्हणून तर," ती म्हणाली. पिशवी माझ्या हातात कोंबली आणि स्टेशनकडे परत फिरली. मी मोसंबी पोचवली. बनूबाईने कुणी दिली ते विचारलं नाही, आणि एकही सोललं नाही.

सोमवारी पडदा खाली सोडलेला होता. धुतलेलासुद्धा. बायका मुकाट्याने आत जात होत्या, बाहेर येत होत्या. थट्टा नाही, हसणं नाही. बनूबाईची पाळी आली. गोदूने पडदा धरून बाजूला केला. "जा मावशी, तुझं बघायला नको."

बनूबाई आडोशाच्या बाहेरच थांबली. पिशवी उघडून खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले, पुरुषांच्या लाइनीसमोर.

"मावशी, आत तरी चल."

"आता कशाला? बघायचं त्यांनी बघून घेतलंय. लाव हात. साहेबांना सांगितलंय मी, पोरीचे हात साफ आहेत म्हणून."

गोदूचे हात काही केल्या उठेनात. आणि हात लावल्याशिवाय बनूबाई हात खाली घेईना.