गाळ

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सकाळपासून तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. ती मागे उभी होती, डाव्या हाताने उजवा खांदा दाबत.

"जगल्या," ते म्हणाले.

तिने प्लेटीवरची तारीख पुन्हा वाचली.

"अगं, जगल्या. किरणांनी एवढं भाजून काढलं, तरी कोंब फुटलेत बघ. कोणाच्या मदतीशिवाय."

प्लेटमध्ये उंदराच्या आतड्यातल्या मूळ पेशी होत्या. आतड्याचं अस्तर जळलं की ते पुन्हा विणायचं काम त्यांचं. त्यांना हे काम एकट्याने जमतं, बाहेरून काही लागत नाही, असं सर आयुष्यभर सांगत आले होते. म्हणून आतड्याचा तुकडा द्रावणात भिजवायचा, ट्यूब जोरजोरात हलवायची आणि मूळ पेशींना चिकटलेलं आजूबाजूचं सगळं सुटं करून फेकून द्यायचं. त्या फेकलेल्याला ते गाळ म्हणत. त्यांच्या पाठीमागे या हलवण्याला 'सरांची आंघोळ' असं नाव पडलं होतं. आंघोळ झालेल्या पेशी भाजल्यावर मरत, दरवेळी मरत. सर म्हणत, अजून स्वच्छ हव्यात.

महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. तिची नोकरी पुढे चालू राहायची तर त्याआधी समितीला काहीतरी दाखवायला हवं होतं.

या प्लेटच्या दिवशी सकाळी सासूबाईंना पलंगावरून उठवताना तिचा खांदा आखडला होता. "मला खाली पाड हवं तर, पण खांदा जप," त्या म्हणाल्या होत्या, "या वयात दुसरी सून कुठे शोधू मी?" नंतर प्रयोगशाळेत ट्यूब हातात घेतली तेव्हा दंड वरच जाईना. तिने ती जराशी डुलवली आणि ओतून मोकळी झाली. कंटाळा इतका होता की वाईटही वाटलं नाही.

"सर, ही नीट धुतलेली नाही."

"नीट नाही म्हणजे?"

"हात उठत नव्हता माझा. आजूबाजूचं बरंच राहिलंय."

सरांनी डोळा वर केला नाही. बोटांनी चाक किंचित फिरवलं.

"कोंब कुठल्या बाजूला आहेत, बघा ना," ती म्हणाली.

मूळ पेशींच्या गोळ्यांना काही ठिकाणी लांबट, दोऱ्यासारख्या पेशी बिलगल्या होत्या. कोंब तिथेच होते. ज्या गोळ्यांजवळ दोरे नव्हते, ते काळे पडले होते.

"बाकीच्या प्लेटी?"

"त्या आदल्या दिवशीच्या. खांदा बरा होता तेव्हाच्या."

"म्हणजे स्वच्छ."

"हो."

"आणि मेल्या."

सर स्टुलावरून उठले, खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

"सकाळी ही प्लेट पाहिली आणि लगेच समितीला फोन केला मी. तू आल्याआल्या प्लेटकडे पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं."

"मग आज कशाला सांगितलंस? महिना काढायचा होतास. मी गेल्यावर काय ते सांगत बसायचं."

"नंतर सांगायला जमलं नसतं मला."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिला कळलं नाही.

दुपारी आलेला तुकडा टेबलावर द्रावणात भिजत होता. सरांनी हातमोजे चढवले आणि ती ट्यूब उचलली. सवयीने हात खांद्याच्या वर गेला आणि तिथेच थांबला.

"किती हळू?" त्यांनी विचारलं.

"नाही सांगता येणार. त्या दिवशी लक्षच नव्हतं माझं."

सरांनी हात खाली घेतला. ट्यूबमध्ये तुकडा सावकाश तळाशी बसला. तो पूर्ण बसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि ट्यूब तिच्यापुढे धरली.

"दुखेल तुला," ते म्हणाले. "पण दाखव."