शनिवारपर्यंत दहा माणसं

पेणचं इस्रायलच्या उत्तर सीमेवरच्या एका गावाशी जोडशहराचं नातं होतं, जेमतेम दोन वर्षांचं. पेणेतून गेलेली चाळीस बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं तिथे नांदत होती, म्हणून म्युनिसिपालटीने करार केला आणि पत्रव्यवहार सिप्पोराच्या बाबांच्या गळ्यात पडला. एप्रिल शहाण्णवात लेबनॉनकडून त्या गावावर रॉकेटं पडू लागली, तेव्हा बाबांना जाऊन वीस दिवस झाले होते. फोन सिप्पोरानेच घेतला.

"आठ दिस तळघरात हाव गो," तिथले बिन्यामीनकाका म्हणाले. "काय पाठवू नका. येत्या शनवारी आपल्या सिनेगॉगात तोरा काढून आमच्यासाठी प्रार्थना करा. बस."

म्युनिसिपालटीतला हरेश सहानुभूतीचा ठराव टाइप करून घेऊन आला. ठरावाला सही पुरते. तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, कपाटातून काढायला दहा पुरुष लागतात आणि पेणेत उरले होते आठ. त्यामुळेच बाबांचं कद्दिश, मेलेल्यामागे त्याच्या मुलाने म्हणायची प्रार्थना, दफनानंतर एकदाही झाली नव्हती.

रोह्याला शिमशोनकाका आणि त्यांचा धाकटा भाऊ राहत होते. तिने कार्ड टाकलं : शनिवारी पहिल्या एस्टीने या.

गुरुवारी शाळेत पेपर तपासताना तिचा हात थांबला. शनिवार म्हणजे शब्बाथ, वाहनात पाय न ठेवायचा दिवस, आणि एस्टी! बाबा असते तर हसले असते आणि मग गावभर सांगत सुटले असते.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या खलीलच्या जीपमधून ती रोह्याला निघाली. कोलाड मागे पडलं.

"लेबनॉनातपण पोरं मरतायत, बाई," खलील म्हणाला.

"माहीत आहे."

"मंग दोन्हीकडच्यांसाठी मागा म्हंजे झालं."

शिमशोनकाका ओटीवर कार्ड हातात धरूनच बसले होते. "रेउबेनची पोर नि शनवारची एस्टी? मी भावाला म्हटलं, बाप गेला नि पोर बाटली!"

"चुकले, काका. आताच चला. झोपायची सोय आहे."

सोय म्हणजे बाबांची खाट. महिनाभरात तिने चादरही बदलली नव्हती. पेणेला परतल्यावर शब्बाथचे दिवे लावायच्या आत तिने ती बदलली, उशीचा अभ्रा काढला आणि तो हातात घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिली. बाहेर काका चहा मागत होते.

सकाळी सिनेगॉगात माणसं मोजली. आकड्यांनी मोजायची नाहीत अशी रीत, म्हणून दहा शब्दांचं वचन म्हणत एकेका शब्दाला एकेक माणूस. शेवटचा शब्द काकांच्या भावावर संपला.

तोरा निघाली. त्या गावाचं नाव घेतलं गेलं. जीपमधून येताना खलीलचं ऐकलेल्या काकांनी "आणि सीमेपलीकडची लेकरं" असंही मधेच घातलं. दोघातिघांनी वळून पाहिलं, पण कोणी अडवलं नाही. मग कपाट बंद झालं आणि माणसं उठू लागली.

सिप्पोरा मागच्या बाकावरून उठली. आठवडाभर आपण त्या गावासाठी धावलो की या पाच मिनिटांसाठी, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "दहा आहात तोवर बाबांचं कद्दिश म्हणाल का?"

"रेउबेनला पोरगा नाय, व्हय ना?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मंग मी म्हणतो. तू उभी रा."

दारापर्यंत गेलेले दोघे परत आले. दहाही जण पश्चिमेकडे, जेरुसलेमच्या दिशेला, तोंड करून उभे राहिले. काका अडखळत, थांबत म्हणत होते. आमेन म्हणताना सिप्पोराचा आवाज दर वेळी बाकीच्यांच्या मागे पडत होता.