उघडणारी अंगठी

मी एक अंगठी बोलते आहे. चिमटे आणि कानशी ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात मी पडून असते, दोन तुकड्यांत.

मला घडवणारी मुळात इंजिनिअर, यंत्रांचे सुटे भाग आखणारी. पुढे तिला दागिन्यांचं वेड लागलं. तिच्या छोट्या कारखान्यात टेबलावर एका बाजूला हातोडी, दुसऱ्या बाजूला संगणक. ती आधी गणित करायची, मग चित्र काढायची आणि शेवटी मान मोडेपर्यंत घासत बसायची.

मला तिने आपल्या आईसाठी केलं. संधिवाताने आईच्या बोटांचे सांधे बोराएवढे झाले होते; कुठलीच अंगठी त्यांच्यावरून जात नसे. म्हणून मी बिजागरीवर दारासारखी उघडणारी. धातूही साधा नाही, टायटॅनियम. वजनाला हलका, पण भारी हट्टी. मला उघडायची कळ मात्र तिने तळव्याच्या बाजूला, अगदी दिसेनाशी लपवली.

"अगं, चष्मा लावूनही मला ती सापडत नाही," आई म्हणाली.

"सापडली तर मग मी केलं काय? नखाने चाचपून बघ."

"म्हणजे दागिना घालायलाही आता शिकवणी लावायची."

दोघी हसल्या. त्या दिवसापासून मी आईच्या डाव्या हातात राहिले. कपडे वाळत घालताना ती मला अंगठ्याने फिरवायची. दारात कोणी आलं की उगाच हात पुढे करायची. "लेकीने केलीय. उघडते, बघा."

मग एका सकाळी ती न्हाणीघरात घसरली. डावा हात अंगाखाली आला. आधी मनगट सुजलं, मग बोटं. शेजारीण म्हणाली, "चला दवाखान्यात. अंगठी कापून घेऊ आधी."

आईने हात टॉवेलखाली घेतला. "कापायची नाही. सुजेत मला कळ सापडत नाहीये. लेक संध्याकाळी येईल, ती उघडेल. तिला कामात फोन नको करायला."

दिवसभर ती बर्फ लावत बसली. बोट लाल झालं, मग जांभळं. मी जागची हललेही नाही. त्याला आवळण्यासाठी मला काहीच करावं लागलं नाही.

संध्याकाळी लेक तिला घेऊन दवाखान्यात धावली. तिथली अंगठ्या कापायची कात्री माझ्यावर बोथट झाली. "थांबा, मी उघडते," लेक म्हणाली. पण सुजलेल्या मांसात माझी कळ बुडून गेली होती. तरी ती सुईच्या टोकाने शोधत राहिली. आई दात आवळून पडून होती. वेळ जात होता.

"ताई, अंगठी वाचवायचीय की बोट?" डॉक्टरांनी विचारलं.

तेव्हा कुठे ती भानावर आली. कारखान्यात जाऊन हिऱ्याच्या भुकटीची चकती घेऊन आली आणि बोटावर पाणी सोडत तिनेच मला कापलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे ते बोट काढावं लागलं.

आता आई डाव्या हाताने कप उचलते तेव्हा लेक खिडकीबाहेर बघते. पट्टी बदलायला तिने एक बाई लावली आहे. एकदा आई कारखान्याच्या दारात येऊन म्हणाली, "माझं काही दुखत नाही गं आता." लेक मान खाली घालून कानस चालवत राहिली. कानशीखाली धातू नव्हता, नुसतं लाकूड होतं.

मला वितळवायचंही तिने करून पाहिलं. तिच्याकडची आच मला पुरली नाही. आज सकाळपासून मात्र मला डब्यातून काढून ती माझे तुकडे एकमेकांना लावून बघते आहे.

अगं, मला जोडू नकोस. कचऱ्यात टाक, माझी तक्रार नाही. आई आजही दारात येऊन उभी आहे. उठ, आणि तिचा डावा हात हातात घे.